यशोदाबाईच्या नावाचा फोटो

हे घडलेलं आहे. पटत नसंल तर पुढं वाचू नका, पण मले खोटारडी म्हणू नका.

साल १९५६. माघ महिना. गाव रोहणा, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा.

भुताच्या गोष्टीत रात्र असते, अमावस्या असते, पिंपळ असते. यात त्यातलं काईच नाई. जे झालं ते भर दुपारी झालं. लख्ख उन्हात. म्हणूनच मले त्याचं जास्त भेव वाटते.

जिच्यासंग झालं ती माही मावसबहीण, सुधी. तवा ती पंधरा वर्षांची होती. तिनं मले जसं सांगतलं तसंच मी सांगून राह्यली.

सुधीचे बाबा वासुदेवराव. आर्वीत लहानाचे मोठे झाले अन् रोहण्याच्या शाळेत मास्तर म्हणून आले. सारं गाव त्याह्यले मास्तरच म्हणे. ना तंबाखू, ना पत्ते. एकच नाद होता.

फोटोचा.

वर्ध्याहून त्याह्यनं एक जुना डबा कॅमेरा आणला होता. काळा, चौकोनी. पोटाशी धरायचा अन् वरून काचेत पाहायचं. एका रोलात आठ फोटो. त्यातले चार वाया. कोणाचं मुंडकं गायब, कोणाचे पाय गायब. तरी मास्तर थांबत नव्हते. कापसाच्या गाड्या काढल्या. नाल्यावरची बाभूळ काढली. तहसीलदाराचा घोडा काढला, अन् तोबी दोनदा, कारण पह्यल्यांदा घोडा हालला.

पण स्वतःच्या बायकोचा, म्हणजे सुधीच्या मायचा, यशोदाबाईचा... एकबी नाई.

ती म्हणे, "माहा एक काढा न."

"आज उजेड बराबर नाई."

दुसऱ्या दिवशी उजेड असे. तवा रोल संपलेला असे.

असं करता करता दोन वर्षं गेली, अन् एका भादव्यात यशोदाबाई तापानं गेली. तीन दिवसांत.

सुधी तवा सातवीत होती. भाकरी कोण थापंल म्हणून मास्तरनं तिले शाळेतून काढलं. गावभरच्या पोट्ट्यायले शिकवणारा मास्तर, अन् त्याचीच पोरगी चुलीपुढं. सुधी आधीच तापट. आता तर ओल्या लाकडावरबी चिडे. पाण्याचा गुंड आपटे, दार आपटे, वाटेनं जाणारं ढोर जरा आंगणात शिरलं तर त्याच्यावरबी तोंड टाके.

पण तिचा खरा राग येगळाच होता.

तिले मायचं तोंड आठवेनासं झालं होतं.

हात आठवत. आवाज आठवे. चुलीपुढं बसलेली पाठ आठवे. तोंड आठवाले गेली का... नुसतं कोरं.

मास्तरच्या ट्रंकेत त्रेसष्ट फोटो होते. सुधीनं एक एक उन्हात धरून पाह्यला. कुठं मागच्या बाजूले माय उभी असंल. अर्धी असंल, दारात असंल. नजर तिची घारीसारखी. पण एकातबी नाई.

"घोड्याचे दोन आहे," ती बापाले म्हणाली. "मायचा एकबी नाई."

मास्तर पेपर वाचत राह्यले.

मंग माघात मास्तरचं दुसरं लगन ठरलं. पोरगी आंजीची. जिजा नाव. बावीस वर्षांची.

लगनाच्या आठ दिवस आधी शेजारची शकुबाई येऊन वट्ट्यावर बसली.

"मास्तर, टाक करा लागते."

आमच्याकडं रीत आहे. पहिली बायको मेली अन् दुसरी आणली, तर पहिलीच्या नावानं चांदीचा टाक करतात. बोटाएवढा पत्रा, त्यावर बाई उठवलेली. तो दुसरीनं गळ्यात बांधायचा. रोज आधी त्याले निवद, मंग आपलं जेवण. म्हणजे पहिली उपाशी राहत नाई, अन् घरातल्या दुसऱ्या कोणाच्या ताटाले हात लावत नाई.

मास्तर म्हणाले, "शकुबाई, मी शाळेत सांगतो भूत नसते. अन् घरी बायकोच्या गळ्यात भूत बांधू?"

"बांधलं तर भूत नाई होत बाप्पा. नाई बांधलं तर होते."

"मी फोटो लावतो भिंतीवर. त्याले हार घाला, निवद दाखवा, काय करायचं ते करा. जमाना बदलला."

"तिचा फोटो आहे कुठी?"



सुधी आतून बोलली, "घोड्याचा लावा."

शकुबाई पदरात हसली. मास्तर नाई हसले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मास्तरनं यशोदाबाईचं हिरवं लुगडं पेटीतून काढलं अन् सुधीपुढं धरलं.

"हे नेस."

"काऊन?"

"तू तिच्यावर गेली आहेस. पदर डोक्यावरून घेतला, नथ घातली, कुंकू मोठं लावलं, तर कोणाले समजते?"

"बाबा, मी जित्ती आहो."

"अव मंग मेलेल्याचा फोटो काढता येते काय? जित्त्याचाच काढा लागते."

सुधीच्या मनात आलं, हे लुगडं बाबाच्या तोंडावर फेकून मारावं. पण तिनं फेकलं नाई. तिच्या मनात आलं का फोटोत पाह्यलं तर कदाचित मायचं तोंड सापडंल. नाकडोळे एक आहे असं सारेच म्हणतात. फक्त त्यासाठी तिनं लुगडं नेसलं.

आंगणात खुर्ची ठेवली. मास्तरनं कॅमेरा पोटाशी धरला अन् मान खाली घातली.

"हालू नको."

बराच वेळ काईच नाई.

"काढा न बाबा. ऊन लागते."

मास्तर वर पाहेनात. नुसते त्या काचेत पाहत राह्यले. अन् मंग... हळू, सुधीनं कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले,

"यशोदे, हनुवटी जराशी खाली घे."

सुधीची हनुवटी खाली गेली.

ती मले म्हणाली, "मी घेतली नाई व. गेली."

खटका वाजला.

फिलम न्हाणीत धुतली. वाळली. मंग काचेच्या चौकटीत कागद दाबून मास्तरनं ती वट्ट्यावर उन्हात ठेवली. उन्हानं कागद हळूहळू तांबूस झाला. पह्यलं लुगडं आलं. मंग नथ. मंग तोंड.

पह्यले शकुबाईनं पाह्यला. तिचा हात तोंडावरच गेला.

"अव माय... यशोदा. हुबेहूब. कवा काढला होता मास्तर?"

मास्तरचे डोळे भरले होते. "ट्रंकेत सापडला," ते म्हणाले.

सुधीनं फोटो हिसकला. पाह्यला. तिरपा धरून पाह्यला, सावलीत नेऊन पाह्यला.

तिले स्वतःचंच तोंड दिसलं. फुगलेलं. नथ वाकडी.

"ही तर मी आहो."

"येडी काय व," शकुबाई म्हणाली. "तुही माय आहे ते. डोळे पाह्य न."

त्या दिवशी गल्लीतल्या साऱ्या बाया आल्या. फोटो पाहून रडल्या, पदरानं डोळे पुसून गेल्या. साऱ्यायले यशोदा दिसे. ज्या बायायचं तिच्याशी पाण्यावरून भांडण होतं त्यायलेबी दिसे.

एकट्या सुधीले नाई.

तिले वाटे, आपले डोळे फोडून घ्यावे.

फोटो भिंतीवर लागला. हळदकुंकू लागलं. हार चढला. अन् लगन होऊन जिजा घरात आली.

जिजा वाईट नव्हती. कामाची होती, कमी बोलणारी होती. सुधी तिले माय म्हणत नसे, जिजाबाई म्हणे, मुद्दाम जरा खेचून. जिजा ऐकून घे. दुपारी सयपाक झाला का जिजा लहान ताटलीत सगळं थोडं थोडं वाढून फोटोपुढं ठेवे, पाणी फिरवे, हात जोडे. मंग सारे जेवत.

पह्यल्याच दिवशी सुधी ताटावर बसली अन् घास उतरेना.

पोट भरलेलं. गच्च. अन् तोंडात... तुरीच्या सोल्याच्या भाजीची चव. तिनं अजून हातबी लावला नव्हता.

"काऊन नाई जेवत व?" जिजानं विचारलं.

"भूक नाई."

दुसऱ्या दिवशीबी तेच. निवद दाखवला का सुधीचं पोट भरे.

तिसऱ्या दिवशी जिजानं ताटं मांडली. दोनच.

सुधीनं तांब्या आपटला. "मी काय वट्ट्यावरचं कुत्रं आहो?"

जिजा दचकली. "अव बाई... विसरलीच मी." अन् तिसरं ताट घेतलं. पण तिच्या तोंडावर असं होतं का जसं तिले खरंच आठवत नव्हतं.

सुधीले वाटलं, सावत्रच ती. सुरू झालं हिचं.

चौथ्या दिवशी तांब्या आपटूनबी कोणं मान वर केली नाई.

"बाबा."

मास्तर वरण कालवत होते.

"बाबा, मी बोलून राह्यली."

मास्तरनं मिठाकडं हात केला. सुधीनं मीठ उचलून दूर ठेवलं. मास्तरनं उठून ते घेतलं, एका शब्दानं विचारलं नाई. ती बापाच्या कानाशी जाऊन ओरडली. मास्तरनं कान खाजवला.

राग तर असा आला का घर पेटवावं. पण कोणावर काढावा? ज्याच्यावर काढायचा त्याले तो दिसतच नाई. त्या पोरीनं त्या दिवशी दोन मडकी फोडली. जिजानं खापरं गोळा केली अन् म्हणाली, "मांजर लय झाली वाटते इकडं."

संध्याकाळी सुधी विहिरीवर गेली. शकुबाई पाणी वढत होती. दुसऱ्या बाईले म्हणाली,

"मास्तरची पोट्टी दिसत नाई दोन दिसांपासून. मामाकडं धाडली वाटते."

सुधी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

पाचवा दिवस आर्वीच्या बाजाराचा. सकाळी मास्तर अन् जिजा तयार झाले. सुधी सयपाकाच्या खोलीत बसून होती. रुसून. मनात म्हणे, आज कोणी हाक मारली तरच उठीन.

कोणं हाक मारली नाई.

दार लोटल्याचा आवाज आला. मंग... बाहेरून कुलपाचा.

ती धावली. दारावर दोन्ही हातानं मारलं. "मी आतच आहो. अव जिजाबाई, मी आत आहो."

चपलांचा आवाज दूर गेला.

खिडकीचे गज धरून ती ओरडत राह्यली. थोड्या वेळानं शकुबाई गुंड घेऊन आली. थांबली. खिडकीकडं पाह्यलं, अगदी सुधीच्या डोळ्यात. अन् स्वतःशीच म्हणाली,

"मास्तरच्या घरात मांजर कोंडली वाटते."

अन् गेली.

ऊन डोक्यावर आलं. गल्ली सुनी झाली. सुधी भिंतीले टेकून बसली. पुढं फोटो. हारातलं तिचंच तोंड तिच्याकडं पाहून राह्यलं होतं.

तेवढ्यात...

थप. थप.

सयपाकाच्या खोलीतून. भाकर थापल्याचा आवाज.

चूल तर पेटवलीच नव्हती.

थप. थप. मंग बांगड्या वर सारल्याचा आवाज. मंग परत थप. थप. तशी भाकर त्या घरात एकच बाई थापत होती.

"सुधे..."

दोन दिसांत तिचं नाव पह्यल्यांदा कोणंतरी घेतलं होतं.

सुधी मले म्हणाली, भेव नाई वाटलं. खरंच नाई. एवढंच वाटलं का चला, कोणालेतरी मी दिसते.

ती दाराशी गेली. आत अंधुक होतं. चुलीपुढं पाठ. हिरवं लुगडं. बाजूले एक ताट वाढलेलं.

"ये, जेवून घे."

"माय?"

"बस न."

"पह्यले तोंड दाखव."

"पह्यले जेव. मंग दाखवते."

"मले भूक नाई."

"हे नेहमीचंच आहे तुहं. चिडकी बाई माही."

तिथं सुधी रडली. एवढ्या दिवसांत पह्यल्यांदा. म्हणाली, "माय, तू मले आठवत नाईस. तुहे हात आठवते, तोंड नाई आठवत."

थापणं थांबलं.

"काय करशीन," पाठ म्हणाली. "तुह्या बापाले उजेडच भेटला नाई."

सुधीले हसू आलं. रडता रडता. मायच होती ती, दुसरी कोणी असं बोलली नसती.

"तू घास घे. मी वळते."

सुधी ताटावर बसली. भाकर मोडली. गरम होती, बोटाले चटका बसला. घास वर नेला. अन् चुलीपुढची पाठ हलली. खांदा वळला. पदर सरकला. कान दिसला, कानातली कुडी दिसली. गालाची कड...

घास ओठाले लागला.

"सुधे, ज—"

अन् काईच नाई.

चूल थंड. पाठ नाई, ताट नाई. सुधीच्या बोटायले नुसती राख लागली होती, अन् ओठालेबी.

तिनं साऱ्या खोलीत पाह्यलं. कणगीमागं पाह्यलं, दारामागं पाह्यलं. मंग एकदम पोटात असा खड्डा पडला का ती वाकलीच. पाच दिसांची भूक एकाच वेळी आली. तिनं मडक्यातलं पीठ पाण्यात कालवून कच्चंच खाल्लं, रडत रडत, शिव्या देत देत.

दिवस बुडता बुडता कुलूप निघालं. दारात जिजा. सुधीले पाहून ती मागं सरकली.

"अव... तू कवा आली व?"

"मी गेलतीच कुठी?"

"मामाकडं. यायनंच तर मोटारीत बसवून देलं तुले."

मास्तर मागून म्हणाले, "बसवलं न. खिडकीपाशी जागा देली. तूच तर हात केला."

सुधीची नजर जिजाच्या गळ्यावर होती. काळा धागा. त्यात चांदीचा नवा पत्रा.

जिजा हळूच म्हणाली, "मीच हट्ट केला व. त्या फोटोतली बाई मले रोज उपाशीच दिसे. रडकुंडीले आलेली. म्हटलं, हिले भिंतीवर पुरत नाई. आर्वीच्या डोमाजी सोनारानं टाक करून देला, म्हणाला इथीच बांधजो, ऊन डोक्यावर आहे तवरच."

"ऊन डोक्यावर असताना बांधला?"

"हो."

"थांबता येत नव्हतं तुले?" सुधी ओरडली. "एक घास. एका घासाचा टाइम थांबता येत नव्हतं?"

जिजाले काई समजलं नाई. तिनं आपलं सुधीले जवळ घेतलं. सुधीनं तिले ढकलून देलं.

दुसऱ्या दिवशी शकुबाई आली. भिंतीकडं पाह्यलं अन् कपाळावर हात मारला.

"मास्तर, जित्त्या पोट्टीच्या फोटोले हार काऊन घातला? काढा तो आधी."

आता साऱ्यायले त्यात सुधीच दिसत होती. आपल्याले यशोदा दिसली होती, हे कोणाले आठवेना. मास्तरलेबी नाई. मी स्वतः तो फोटो पाह्यला. सुधीच आहे. फुगलेली.

झालं. इथं संपायले पाहिजे होतं.

मागच्या साली, अठ्ठावनमंदी, सुधीचं लगन झालं. आंजीलेच देली. घर चांगलं आहे, नवरा गरीब स्वभावाचा. यंदा माघात मी तिले भेटाले गेली. दुपारची वेळ. तिची सासू दारात तुरी पाखडत होती.

"कोण पाहिजे बाई?"

"सुधीले भेटाले आली. मी तिची मावसबहीण."

सासूनं सूप खाली ठेवलं. माह्याकडं पाहत राह्यली.

"कोणती सुधी?"

मंग एकदम कपाळ झटकल्यासारखं केलं. "अव हो... आमची सून. असंल आत. जा न."

सुधी सयपाकाच्या खोलीत होती. पुढं रिकामं ताट. चूल थंड. भिंतीवर एक फोटो, नवा, सुधीचाच. मास्तरनं दिवाळीत काढून देला म्हणे. त्याले ताजा हार होता.

"हे काय करून राह्यली व तू?"

ती माह्याकडं पाहून हसली. वाळली होती, पण खुश होती. आयुष्यात तिले एवढी शांत मी पाह्यली नव्हती.

मी विचारलं, "दिसली काय?"

"अजून नाई," ती म्हणाली. "पण आता गालापर्यंत वळते."

मी भांडली. रडली. हार तोडून फेकला, तिले घरी चाल म्हटलं. ती म्हणाली, तू नको काळजी करू, एकदा तोंड पाह्यलं का मी सोडते हे सारं. संध्याकाळच्या मोटारीनं मी परत निघाली. ती दारापर्यंत आली नाई.

घरी आल्यावर दोन दिसांनी माह्या मायनं विचारलं,

"परवा आंजीले कोणाकडं गेलती व तू?"

मी तोंड उघडलं...

अन् नाव आठवाले मले वेळ लागला.

म्हणून हे आज बसून लिहून टाकलं. सुधी. सुधी नाव आहे तिचं.